मर्यादा : क्वेरीची आणि विचारणाऱ्याची

मराठीत ‘मर्यादा’ हा एकच शब्द दोन कामे करतो. कर्जाला मर्यादा असते, वेगाला मर्यादा असते. आणि वडीलधाऱ्यांसमोर कसे बोलावे, यालाही मर्यादाच म्हणतात. डेटाबेसबद्दल लिहिताना हा दुहेरी अर्थ सोयीचा पडतो. क्वेरी किती ओळी आणू शकते, किती वेळ चालू शकते, ही पहिली मर्यादा. तिथे अडलेला माणूस इंटरनेटवर अनोळखी जाणकारांपुढे प्रश्न टाकतो. तेव्हा पाळायची ती दुसरी. माझे म्हणणे असे की, दोन्ही एकाच कारणातून जन्मतात : साधन सामाईक असते आणि मागणाऱ्याला त्याची किंमत दिसत नाही. दोन्हींत घातही एकाच ठिकाणी होतो. काहीतरी कापले गेलेले असते, आणि ते कापले गेल्याचे कोणी सांगत नाही.

ओळींना क्रम नसतो

एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएममध्ये असताना, रिलेशनल पद्धतीची मांडणी केली तेव्हा टेबल म्हणजे गणितातला संच असे धरले. संचाला पहिला सदस्य नसतो, शेवटचाही नसतो. म्हणून ‘या टेबलातल्या पहिल्या दहा ओळी दे’ ही मागणी त्या गणितात बसतच नाही. कशानुसार पहिल्या, हे आधी सांगावे लागते. व्यवहाराला मात्र दहा ओळी रोजच हव्या असतात. तेव्हा ज्याने त्याने आपापली सोय केली. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट यांनी ‘लिमिट’ हा शब्द घेतला, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने ‘टॉप’, ओरॅकलने ‘रोनम’. प्रमाण एसक्यूएलमध्ये ‘फेच फर्स्ट’ ही रचना २००८ साली आली आणि ओरॅकलने ती २०१३च्या १२सी आवृत्तीत स्वीकारली. एका साध्या गरजेच्या या चार बोली लक्षात ठेवाव्यात. पुढे मदत मागण्याच्या प्रकरणात त्यांचे काम पडणार आहे.

यांतला रोनम सर्वांत फसवा. सर्वाधिक पगाराचे दहा कर्मचारी हवेत म्हणून कोणी ‘रोनम दहा किंवा कमी’ अशी अट घालतो आणि खाली पगाराचा उतरता क्रम मागतो. दहा नावे येतात, पगार उतरत्या क्रमाने लागलेले असतात, आणि तरीही यादी चुकलेली असते. कारण रोनमचा क्रमांक ओळ हाती येताच दिला जातो. क्रमवारी त्यानंतर लागते. म्हणजे आधी हाताला लागतील ते दहा जण उचलले आणि मग त्या दहांची रांग लावली. त्याहून गमतीचा प्रकार ‘रोनम पाचपेक्षा मोठा’ या अटीचा. तिला कधीच एकही ओळ मिळत नाही. हाती आलेल्या ओळीला एक हा क्रमांक मिळतो, एक पाचपेक्षा मोठा नाही म्हणून ती बाद होते, आणि बाद ओळीचा क्रमांक खर्ची पडत नसल्यामुळे पुढच्या ओळीलाही पुन्हा एकच मिळतो. शेवटपर्यंत प्रत्येक ओळ पहिली, आणि प्रत्येक बाद.

लिमिट लिहिणारे यातून सुटले असे नाही. क्रम न सांगता लिमिट लावले तर डेटाबेस आपल्या सोयीच्या ओळी देतो. चाचणीच्या छोट्या टेबलावर त्या नेहमी त्याच येतात, म्हणून क्रम आहे असा लिहिणाऱ्याचा समज होतो. पोस्टग्रेसमध्ये ८.३ आवृत्तीपासून अशी व्यवस्था आहे की, एखादे मोठे टेबल एक क्वेरी आधीच वाचत असेल तर दुसरी तिला मध्येच येऊन मिळते आणि सुरुवातीचा राहिलेला भाग नंतर वाचते. डिस्कचे काम वाचते. पण त्यामुळे क्रमाविना लिमिट लावलेल्या क्वेरीला निवांत वेळी एक उत्तर आणि गर्दीच्या वेळी दुसरे मिळू शकते. दोन्ही उत्तरे नियमाला धरून असतात; नियम मोडलेला असतो तो विचारणाऱ्याने.

लिमिट लावले की काम कमी होते, हाही अर्धाच खरा समज. ‘एक लाख ओळी सोडून पुढच्या वीस दे’ असे म्हटले, तर डेटाबेस त्या एक लाख ओळी आधी गाठतो, मोजतो आणि फेकून देतो. पान जितके पुढचे तितका वेळ जास्त. त्यापेक्षा मागच्या पानावरच्या शेवटच्या ओळीची तारीख आणि क्रमांक लक्षात ठेवून ‘याच्या पुढच्या वीस’ असे मागावे. योग्य इंडेक्स असेल तर पाचव्या आणि पाच हजाराव्या पानाला जवळपास सारखाच वेळ लागतो. एकदम तीनशेव्या पानावर उडी मारण्याची सोय मात्र जाते. माझ्या मते ती जावीच. तीनशेवे पान मागणाऱ्याला खरे तर शोधाची चौकट हवी असते.

कधी कधी लिमिटमुळेच क्वेरी मंदावते, आणि नवख्याला चक्रावून टाकणारा प्रकार हाच. एका ग्राहकाची सर्वांत ताजी ऑर्डर हवी आहे : तारखेचा उतरता क्रम, लिमिट एक. डेटाबेसमधला नियोजक विचार करतो की तारखेच्या इंडेक्सवर शेवटाकडून चालत गेलो तर या ग्राहकाची एखादी ओळ लवकरच भेटेल, कारण त्याच्या ऑर्डरी सगळ्या काळात सारख्या विखुरलेल्या असणार. हे ‘असणार’ म्हणजे निव्वळ अंदाज. ग्राहकाने पाच वर्षांपूर्वीच येणे बंद केले असेल तर नियोजक पाच वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी तुडवत जातो. लिमिट काढले तर तो त्या ग्राहकाच्या इंडेक्सने जातो आणि काम क्षणात होते.

मर्यादा कोणाची?

क्वेरी अडली की पहिला प्रश्न हा विचारावा. स्वतः लिहिलेल्या लिमिटची गोष्ट झाली. दुसरी मर्यादा हातातल्या अवजाराची. मायएसक्यूएल वर्कबेंच मुळात हजारच ओळी आणते. वरच्या पट्टीत एका छोट्या चौकटीत तसे लिहिलेलेही असते, पण नजर तिथे जात नाही. टेबलात तीन लाख ओळी असणारा माणूस मग ‘माझा डेटा उडाला’ म्हणून घाबरतो. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये उजव्या क्लिकने हजार ओळी मागवल्या तर ‘टॉप १०००’ हे शब्द क्वेरीतच लिहून येतात. हे अधिक प्रामाणिक.

तिसरी मर्यादा यंत्राच्या बांधणीची. एसक्यूलाइटमध्ये एका जोडणीत चौसष्टपेक्षा जास्त टेबले घेता येत नाहीत, कारण कोणती टेबले आली याची नोंद आत एकेका बिटने ठेवली जाते. पोस्टग्रेसला एका क्वेरीबरोबर ६५,५३५ पॅरामीटर पाठवता येतात, कारण त्यांची संख्या संदेशात सोळा बिटांत लिहिलेली असते. एसक्यूएल सर्व्हरचा आकडा २,१०० आहे. ओरॅकलमध्ये ‘इन’ या अटीच्या कंसात वर्षानुवर्षे हजारच किमती चालत आणि एक हजार एकावी घातली की ओआरए-०१७९५ ही चूक समोर येई. हे आकडे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये वाढवून मिळत नाहीत; वरिष्ठांकडे अर्ज करून उपयोग नाही.

चौथी मर्यादा शेजाऱ्यांसाठी असते. सेल्सफोर्समध्ये अनेक कंपन्या एकाच यंत्रणेत भाडेकरूंसारख्या राहतात. म्हणून एका व्यवहारात शंभर क्वेरी आणि पन्नास हजार ओळी एवढेच मिळते, आणि एकशे एकावी क्वेरी काम थांबवते. बहुतेक वेळा कोणीतरी लूपच्या आत क्वेरी लिहिलेली असते. मर्यादा ती खोड उघडी पाडते. शेअरपॉइंटमधला पाच हजारांचा उंबरठा अनेकांना लहरी वाटतो, पण त्याचे मूळ खाली बसलेल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे. एका क्वेरीने साधारण पाच हजारांवर कुलुपे लावली की तो सुटी सुटी कुलुपे सोडून सबंध टेबलालाच कुलूप घालतो, आणि बाकीचे सगळे दाराबाहेर ताटकळतात. विकिडेटाची सार्वजनिक क्वेरी सेवा साठ सेकंदांनंतर क्वेरी तोडते. ओपनस्ट्रीटमॅपची पत्ता शोधण्याची नॉमिनेटिम सेवा सेकंदाला एकच विनंती चालवून घेते आणि विनंती करणाऱ्या प्रोग्रॅमने आपली ओळख सांगावी असे बजावते. सेवा फुकट, पैसा देणगीचा, रांगेत सगळे जग. इथे ‘मर्यादा’चा पहिला अर्थ दुसऱ्यात मिसळू लागतो.

न बोलणारी मर्यादा

ओआरए-०१७९५ कितीही चिडवणारी असली तरी ती सज्जन आहे. ती ओरडते. खरी भीती बाळगावी ती गप्प राहणाऱ्या मर्यादेची.

मायएसक्यूएलमध्ये ‘ग्रुप कॉन्कॅट’ नावाचे फंक्शन आहे. अनेक ओळींतली मूल्ये ते स्वल्पविरामांनी जोडून एका चौकटीत देते. त्याची मूळ मर्यादा १,०२४ बाइट. त्यापुढचा मजकूर ते कापते आणि एक इशारा नोंदवून पुढे जाते. तो इशारा वाचणारा प्रोग्रॅम क्वचितच कोणी लिहितो. इंग्रजी मजकूर असेल तर १,०२४ अक्षरे मावतात. देवनागरीचे मात्र प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, हे सगळे यूटीएफ-८मध्ये तीन-तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण त्यात दहा चिन्हे आहेत आणि तो तीस बाइट खातो. म्हणजे याच चौकटीत मराठीची फार तर ३४१ चिन्हे मावतील. तालुक्यातल्या गावांची यादी इंग्रजीत पुरी येते आणि मराठीत निम्म्यावरच तुटते, असे दिसले तर फॉन्टवर किंवा ‘युनिकोडच्या भानगडी’वर खापर फोडण्याआधी हा आकडा आठवावा. ओरॅकलमध्ये नेहमीच्या मजकुराच्या स्तंभाची ४,००० बाइटची मर्यादाही मराठीला १,३३३ चिन्हांचीच पडते; पण ती भरली की निदान चूक येते.

गप्प मर्यादेचे सर्वांत महागडे उदाहरण इंग्लंडमधले आहे. २०२० साली कोविडच्या चाचण्यांचे निकाल गोळा करताना तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने एक्सेलची जुनी एक्सएलएस फाइल वापरली. तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळाल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा मागही वेळेत लागला नाही. नव्या एक्सेलमध्ये दहा लाखांहून जास्त ओळी मावतात, पण मुद्दा मोठ्या चौकटीचा नाहीच. चौकट भरली तेव्हा कोणालाही ते कळले नाही, हा आहे.

प्रश्नातली कापाकापी

आता दुसऱ्या मर्यादेकडे. मराठी मुलांच्या टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲप गटावर येणारा नमुनेदार प्रश्न असा असतो : ‘नमस्कार सर, एक डाऊट होता. माझी क्वेरी चालत नाहीये. प्लीज, अर्जंट आहे.’ सोबत मोबाइलने तिरका काढलेला मॉनिटरचा फोटो; त्यात चुकीचा संदेश असतो, पण तो पंख्याच्या प्रतिबिंबाखाली.

या प्रश्नात उद्धटपणा कुठेही नाही. उलट नम्रता भरपूर आहे. तरीही तो मर्यादा मोडतो, कारण ग्रुप कॉन्कॅटसारखा तो न सांगता कापलेला आहे. ‘चालत नाही’ याचे निदान चार अर्थ होतात : चूक येते, ओळीच येत नाहीत, भलत्याच ओळी येतात, किंवा अर्धा तास झाला तरी काही येत नाही. चारांची कारणे वेगळी, उपाय वेगळे. डेटाबेस कोणता, हे नाही. आणि वर पाहिलेच की ‘पहिल्या दहा ओळी’ मागण्याच्याच चार बोली आहेत. आवृत्ती नाही. एसक्यूलाइटमध्ये एका क्वेरीतल्या पॅरामीटरांची मूळ मर्यादा ९९९ होती, २०२०च्या ३.३२ आवृत्तीपासून ती ३२,७६६ झाली. त्याच क्वेरीला एका मित्राच्या यंत्रावर चूक आणि दुसऱ्याच्या यंत्रावर उत्तर, असे होते ते यामुळे. आवृत्ती लिहायला दहा सेकंद लागतात. ती नसेल तर जाणकाराचा अर्धा तास जातो.

याहून सूक्ष्म कापाकापी म्हणजे मूळ गरज लपवून अर्धवट उपायाबद्दल विचारणे. ‘ओरॅकलमध्ये इनच्या कंसात हजारापेक्षा जास्त क्रमांक कसे घालू?’ या प्रश्नाला सरळ उत्तर आहे : यादीचे तुकडे करून मध्ये ‘ऑर’ घाला. एक युक्तीही आहे. प्रत्येक क्रमांकाआधी उगाच एक घालून जोड्यांची यादी केली की हजारांची अट लागत नाही. पण चांगला जाणकार यांतले काहीच न सांगता उलट विचारतो, ‘हे हजार क्रमांक आले कुठून?’ दुसऱ्या क्वेरीतून आले असतील तर जोडणी लिहावी, क्रमांक बाहेर काढण्याचे कारणच नाही. फाइलीतून आले असतील तर तात्पुरत्या टेबलात भरावेत. विचारणाऱ्याला ही उलटतपासणी वाटते, राग येतो. प्रत्यक्षात त्याने कापलेला अर्धा प्रश्न समोरचा परत जोडत असतो. इंग्रजीत या दोषाला ‘एक्सवाय प्रॉब्लेम’ म्हणतात.

मग प्रश्नात काय असावे? चुकीचा संदेश शब्दशः, फोटो नव्हे तर मजकूर, म्हणजे तो शोधता येतो. टेबल बनवण्याची आज्ञा, पाच-सहा ओळींचा भरणा, आणि त्या ओळींवरून अपेक्षित उत्तर. हा छोटा नमुना समोरच्याला स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहता यावा. क्वेरी मंद असेल तर नियोजकाने आखलेली योजना जोडावी. पोस्टग्रेसमध्ये ती ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ने मिळते. जपून मात्र : ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते, तेव्हा ‘डिलीट’पुढे लावली तर ओळी खरोखर जातील. नमुना बनवता बनवता चूक स्वतःलाच दिसते, हा अनेकांचा अनुभव आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९च्या ‘द प्रॅगमॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकामुळे तर टेबलावर रबरी बदक ठेवून त्यालाच अडचण समजावून सांगण्याची रीत प्रसिद्ध झाली.

कापण्याचा एकच प्रकार इथे सक्तीचा आहे. खऱ्या ग्राहकांची नावे, मोबाइल, आधार क्रमांक, जोडणीच्या ओळीतला पासवर्ड : यांतले काहीही बाहेर जाता कामा नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याआधीही ते चूकच होते. पण कापले तर सांगून कापावे : ‘नावे बदलली आहेत, बाकी रचना तीच.’

‘नमस्कार सर, आहात का?’ एवढेच लिहून उत्तराची वाट पाहण्यावर इंग्रजी जगात बरीच टिंगल होते. तिच्यात मी पूर्ण सामील होऊ शकत नाही. दाराशी येऊन ‘येऊ का?’ विचारल्याशिवाय आत न शिरण्याचे वळण आपल्याला घरातून लागलेले असते. पण ते वळण समोरासमोरच्या भेटीसाठी आहे. लिखित निरोपात दाराशी उभे राहणे म्हणजे समोरच्याला दोनदा दार उघडायला लावणे. नमस्कार जरूर करावा, आणि त्याच निरोपात प्रश्नही पुरा मांडावा. ‘अर्जंट’ हा शब्द मात्र गाळावा. घाई विचारणाऱ्याची असते. वेळ फुकट देणाऱ्यावर ती लादता येत नाही. एकच प्रश्न पाच ठिकाणी टाकायचा असेल तर तसे सांगावे, नाहीतर सुटलेल्या प्रश्नावर चौघे जण रात्री डोके खपवतात.

मर्यादा उत्तर देणाऱ्यालाही आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. एरिक रेमंड यांचा प्रश्न कसे विचारावेत यावरचा प्रसिद्ध लेख २००१ सालचा. त्यातले सल्ले आजही खरे आहेत, पण सूर दरबारी आहे : जाणकार वर, विचारणारा खाली. तो सूर पुढे पसरला. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, आपल्याकडे नवख्यांना परके वाटते हे जाहीरपणे मान्य केले. सर्व्हर याहून शिष्ट असतो. विनंत्यांचा मारा झाला की तो ४२९ हा संकेत पाठवतो. २०१२ साली प्रमाणित झालेल्या या संकेतासोबत किती वेळाने परत यावे हेही सांगता येते. ‘प्रश्न बंद’ एवढेच लिहून जाणारा जाणकार मात्र कारण सांगत नाही आणि परतीची वाटही दाखवत नाही. नकार द्यायचा तर कोणती मर्यादा मोडली ते सांगून द्यावा. ‘आवृत्ती लिहा, मग बघतो’ हे चार शब्दही पुरतात.

रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ चित्रमालिकेत २०११ सालचे एक चित्र आहे. आपलीच अडचण काही वर्षांपूर्वी कोणाला तरी आली होती असे नायकाला सापडते. पण खाली उत्तर नाही, आणि विचारणाराही पुन्हा फिरकलेला नाही. नायक पडद्यावर ओरडतो, ‘तू काय पाहिलेस?’ हसू येते ते आपण सगळेच त्या जागी उभे राहिलो आहोत म्हणून.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. उत्तर मिळाले की जिथे विचारले होते तिथे परत जा आणि नेमके काय केल्यावर सुटले ते दोन ओळींत लिहा. तारीख आणि आवृत्ती त्यात असू द्या. ओरॅकलच्या कंसातली हजारांची मर्यादा २३ क्रमांकाच्या आवृत्तीत ६५,५३५ झाली आहे, आणि जुनी उत्तरे अजून हजारच सांगतात.